एका मण्याची जागा

निवृत्त होताना रेहाना सतारमेकरनं रुग्णालयाकडून एकच वस्तू मागून घेतली होती. चपलांच्या खोक्याएवढी ॲक्रिलिकची पेटी. कधीकाळी ती आरपार दिसायची. आता कोऱ्या चहासारखी पिवळी पडली होती. आत सीलबंद पाणी, आणि पाण्यात एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तिरकी चढत गेलेली तार. तारेवर काळे काचेचे मणी.

"मॅडम, शाल-श्रीफळ सोडून हे भंगार कशाला नेताय?" भांडारातल्या माणसानं विचारलं होतं.

रेहाना नुसती हसली होती. घरी आणून तिनं पेटी कपाटावर ठेवली आणि वर्षभर तिच्यावरची धूळ पुसत राहिली. ती खाली काढण्याची वेळ आली डॉ. वृंदा आवटीच्या फोनमुळे.

"मॅडम, यंदा स्कॅनरच्या प्रमाणपत्रावर तुमची सही हवी. बाहेरचा भौतिकतज्ज्ञ लागतो, आणि आपल्याकडे कुणी उरलंय कुठे? सगळे बंगळुरूला जाऊन सॉफ्टवेअर लिहितात."

"अगं, मी निवृत्त झालेय."

"तुम्ही झालात. तुमचा परवाना अजून व्हायचाय. मी तपासलंय."

वृंदा एकेकाळी रेहानाच्या तासाला मागच्या बाकावर बसून चित्रं काढायची. आता ती क्ष-किरण विभागाची प्रमुख होती. तिची चिकाटी रेहानाला ठाऊक होती. फोन ठेवल्यावर तिनं साडी बदलली, आणि निघता निघता, का कोण जाणे, कपाटावरची पेटीही पिशवीत घातली. जुन्या मैत्रिणीला माहेर दाखवायला न्यावं तशी.

मिरजेत लांबलांबून माणसं येतात ती दोन गोष्टींसाठी: दवाखाने आणि तंतुवाद्यं. रेहानाच्या घरात दोन्ही होतं. तिचे अब्बा तंबोरे करायचे. आता तिचा धाकटा भाऊ इलियास त्याच कारखान्यात बसतो. घराण्यातली एकटी रेहाना तेवढी तारांकडून किरणांकडे गेली, आणि तिथंही तिच्या वाट्याला शेवटी तारच आली.

*

सीटी स्कॅन म्हणजे माणसाला न कापता केलेले त्याचे काप. यंत्र किरण सोडतं आणि शरीराच्या एकामागून एक चकत्यांची चित्रं काढतं. प्रत्येक चकतीला जाडी असते, आणि सगळी गोम तिथंच आहे. चार मिलिमीटर जाडीच्या चकतीचं चित्र म्हणजे त्या चार मिलिमीटरांत जे जे काही आहे त्याची सरासरी. साबुदाण्याच्या दाण्याएवढी गाठ त्या सरासरीत विरघळून जाते, पातेलंभर दुधात चहाचा एक थेंब पडावा तशी. चकती पातळ केली तर गाठ उठून दिसते. पण पातळ चकतीच्या वाट्याला किरणही थोडेच येतात, चित्र रवाळ होतं. ते स्वच्छ करायचं तर किरण वाढवावे लागतात. किरण वाढवणं शरीराला बरं नाही. रेहानाची सगळी नोकरी या ओढाताणीत गेली होती.

आता, यंत्र जी जाडी सांगतं ती खरी कशावरून? किरणांच्या चकतीला फूटपट्टी लावता येत नाही. म्हणून तिरकी तार. तिरकी तार पेटीत ठेवून स्कॅन केली की जाड चकतीत तारेचा लांब तुकडा सापडतो, पातळ चकतीत आखूड. तुकडा मोजला की जाडी कळते. तारेवर सारख्या अंतरानं मणी ओवले की कुठली चकती नेमकी कुठं पडली तेही कळतं. या चाचणीच्या पेटीला फँटम म्हणतात. जगभर तिचा एकच प्रमाणित नमुना वापरला जातो.

गेल्या चार-पाच वर्षांत मात्र सगळं बदललं होतं. 'सूक्ष्मछेद' नावाची पद्धत आली होती. यंत्र आता अगदी थोडे किरण सोडून जाड चकत्या घेई, आणि लाखो माणसांच्या चित्रांवर शिकलेली एक संगणकप्रणाली त्या जाड चकत्यांमधून अर्ध्या मिलिमीटरच्या पातळ चकत्या उलगडून देई. किरण पूर्वीच्या दहाव्या हिश्श्यावर आले. स्कॅनर इतका हलका झाला की विजेवरच्या गाडीत बसून शिराळ्याच्या वाड्यावस्त्यांवर जाऊ लागला. बायका भाजी घ्यायला उतरावं तशा गाडीशी येऊन छाती तपासून जात.

वृंदानं पडद्यावर वर्षभराच्या रोजच्या चाचण्या उलगडल्या.

"बघा. एक दिवस इकडचा तिकडे नाही. रोज अर्धा मिलिमीटर."

रेहानानं चष्मा पुसला आणि पुन्हा लावला. "कधी शून्य पूर्णांक एक्कावन्नसुद्धा नाही?"

"नाही. चांगलंच आहे की."

"माझ्या वेळचं यंत्र उन्हाळ्यात वेगळं वागायचं, थंडीत वेगळं. आणि सोमवारी तर माहेराहून आल्यासारखं फुगून बसायचं."

"तुमच्या यंत्राला स्वभाव होता, मॅडम. याला नाही. म्हणून तर घेतलं." वृंदानं पिशवीकडे बघितलं. "आणि हे काय आणलंत? अरे देवा, पिवळी पेटी! हिच्यावर आम्ही परीक्षा दिलीय."

"लावून बघूया का? सहज."

वृंदा हसली, पण तिनं स्वतः पेटी उचलून स्कॅनरच्या पाटावर ठेवली. पाट आत सरकला, एक श्वास घेण्याइतका वेळ गेला आणि पडद्यावर चित्र आलं.

रेहाना खुर्चीत पुढं सरकली. पिवळ्या भिंतींतून आणि गढूळ पाण्यातून जे कित्येक वर्षांत नीट दिसलं नव्हतं ते समोर लख्ख उभं होतं. सरळ, ताणलेली तार आणि तिच्यावर एकाशेजारी एक, सारख्या अंतरानं बसलेले मणी. एकही ढळलेला नाही. अब्बांचं काम.

"जाडी अर्धा मिलिमीटर," वृंदा म्हणाली. "उत्तीर्ण. तुमची पेटीही आणि आमचं यंत्रही. मॅडम? डोळ्यात काही गेलं का?"

"या चित्राची एक प्रत छापून दे," रेहाना म्हणाली. "इलियासला दाखवते. सही उद्या येऊन करते."

*

ती नोकरीला लागली त्याच वर्षीची गोष्ट. रुग्णालयाच्या फँटमची तार गंजून तुटली होती. नवं फँटम परदेशातून यायला सहा महिने लागणार होते, आणि तोवर चाचणीशिवाय स्कॅनर चालवायला रेहानाचं मन घेत नव्हतं. वरिष्ठ म्हणाले, एवढं काय, आकडा मागच्यासारखाच भर. ती पेटी घेऊन घरी आली आणि जेवणाच्या ताटावर गप्प बसली.

अब्बांनी पेटी उलटसुलट करून बघितली. "यात अवघड काय आहे? तार आहे, ताण आहे, चढ आहे. माझा तंबोरा आडवा करून पाण्यात बुडवलाय कुणीतरी."

"अब्बा, अंतर चुकलं तर चालत नाही. आणि मणी सगळे एका मापाचे हवेत."

एका मापाचे बारीक काळे मणी मिरजेत मिळत होते फक्त बायकांच्या गळ्यात. अम्मीनं आपला रोजच्या वापरातला जुना लच्छा काढून अब्बांच्या पुढ्यात ठेवला. मंगळसूत्रासारखीच सौभाग्याची खूण: काळ्या पोतीचे मणी, मधे दोन सोन्याचे. "घ्या. लेकीच्या नोकरीपेक्षा मोठा आहे का?"

अब्बांनी मापून मापून मणी निवडले. बरेचसे बाद झाले. जे उरले ते तंबोऱ्याच्या पोलादी तारेवर ओवले, एकेका खुणेवर लाखेचा थेंब देऊन बसवले. पाणी भरण्याआधी त्यांनी रेहानाला जवळ बोलावलं आणि पेटीतली तार नखानं छेडली. मण्यांच्या वजनानं दबलेला, जड असा आवाज आला.

"ऐकून घे. पाण्यात गेल्यावर ही मुकी होणार. सूर काळी चार पट्टीच्या आसपास आहे. तुझ्या साहेबांना सांग, यंत्र सुरात लावून दिलंय."

अम्मी पदर तोंडाला लावून हसली होती. रेहानाला ते सगळं असं आठवत होतं: कंदिलासारखा पिवळा बल्ब, लाखेचा वास, अम्मीचं हसू, आणि तारेवरची मण्यांची अखंड रांग. नवं फँटम आलं तेव्हा तिनं ते वापरलं, पण त्याच्याशेजारी पिवळी पेटीही लावत राहिली. कुणी विचारलं तर म्हणायची, एकाला दोन असलेले बरे.

*

कारखान्यात शिरताना तिला इलियासचा आवाज ऐकू आला. तो तंबोरा लावत होता. आधी तार, मग तिच्यावर आपला 'सा'. अब्बांचीही तीच पद्धत होती. अब्बांचा 'सा' गल्लीच्या टोकापर्यंत चालत जायचा. इलियासचा अर्ध्या वाटेवर तुटला आणि पाठोपाठ खोकला आला.

"ये आपा. बस. त्या भोपळ्यावर नको, तो विकलेला आहे."

भिंतीला लागून भोपळ्यांची उतरंड होती. भीमेकाठचे भोपळे आता हिरव्या जाळीच्या सावलीत वाढवावे लागतात, उघड्यावरचं ऊन त्यांना सोसत नाही; त्यामुळे एकेक भोपळा इलियास जावयासारखा जपत असे.

"हा खोकला अजून आहेच?"

"धूळ आहे. भोपळ्याची, लाकडाची. अब्बांना नव्हता का?" त्यानं तंबोऱ्याच्या घोडीची जवारी काढायची कानस खाली ठेवली. "आणि रिपोर्ट तूच वाचलास ना? गेल्या महिन्यात गाडी आली, सगळ्या गल्लीची छाती तपासून गेली. माझ्या नावासमोर लिहिलंय 'निर्मळ'. उभ्या जन्मात पहिल्यांदा मला कुणी निर्मळ म्हणालं. फ्रेम करून लावणार आहे."

"परत एकदा डॉक्टरांना—"

"आपा, तुझंच यंत्र, तुझंच रुग्णालय. तुझ्यावर नाही तर कुणावर विश्वास ठेवू?"

तिनं पिशवीतून चित्र काढून त्याच्या हातात दिलं. इलियासनं ते दाराच्या उजेडाकडे नेलं आणि बराच वेळ बघत राहिला.

"छान आहे. कुणाची पेटी?"

"कुणाची म्हणजे? आपली. अब्बांची."

"आपली नाही ही."

"अरे, आत्ता माझ्यासमोर काढलंय चित्र."

"मग यंत्राला दुसरी पेटी दिसली असेल. आपल्या पेटीत मधला एक मणी नाही." त्यानं बोट ठेवलं. "इथं. इथं मोकळी जागा आहे."

"काहीतरीच. मी छत्तीस वर्षं वापरलीय ती."

"वापरलीस तू. ओवताना लाख मी धरली होती." तो समोरच्या घडवंचीवर बसला. "अम्मीनं लच्छा काढून दिला, ते आठवतंय?"

"आठवतंय की. हसत होती."

"हसली, आणि आत गेली. थोड्या वेळानं बाहेर आली ती गळ्याशी हात धरून. म्हणाली, एक तरी मणी परत द्या. तुम्ही असताना मी गळा मोकळा कसा ठेवू? अब्बा म्हणाले, अगं बाद झालेले एवढे पडलेत. तर म्हणे, बाद झालेले नकोत. मग अब्बांनी निवडलेल्यातला एक काढून दिला. रांगेची टोकं मोजायला लागतात म्हणून टोकाचा नाही, मधला. त्याची खूण तशीच मोकळी सोडली. अम्मीनं तो एक मणी काळ्या दोऱ्यात ओवून बांधला. मीरासाहेबांच्या उरुसात नवा लच्छा येईपर्यंत तेवढाच होता तिच्या गळ्यात."

रेहाना त्याच्याकडे बघत राहिली. "मला यातलं काहीच आठवत नाही."

"तू पेटीकडे बघत होतीस," इलियास म्हणाला. "अम्मीकडे मी बघत होतो."

तिनं पिशवीतून पेटी काढली. इलियासनं मोबाइलचा दिवा तिच्या मागच्या भिंतीला चिकटवून धरला आणि दोघं वाकली. पिवळ्या धुक्यातून मणी अंधुक दिसू लागले. एकामागून एक, आणि मधोमध, जिभेला पडलेल्या दाताची जागा लागावी तशी, एक मोकळी जागा. तिथं लाखेचा डाग तेवढा होता.

रेहानाला आधी राग आला तो स्वतःचा. इतकी वर्षं तिनं ही पेटी हाताळली, तारेचे तुकडे आणि टोकाचे मणी तेवढे मोजले, आणि आठवणीत तो मधला मणी बसवून टाकला. रांग पूर्ण असायला हवी म्हणून पूर्ण केली. मग तिची नजर चित्रावर गेली. तिथं तो मणी होता. गोल, पांढराशुभ्र, शेजाऱ्यांइतकाच स्पष्ट. तिच्या आठवणीतला मणी ठीक आहे. पण यंत्राला कसली आठवण?

"इलियास, तुझा स्कॅन त्याच पद्धतीनं झालाय."

"मग?"

"मग काही नाही. उद्या सकाळी माझ्याबरोबर चल."

"उद्या पुण्याचं गिऱ्हाईक येणारे."

"गिऱ्हाईक थांबेल. इलियास, तू चल."

बहिणीचा असा आवाज त्यानं फार वेळा ऐकला नव्हता. त्यानं गुपचूप तंबोऱ्यावर खोळ चढवली.

*

"एका मण्यासाठी?" वृंदा म्हणाली. तिच्या टेबलावर पेटी, चित्र आणि सही न झालेलं प्रमाणपत्र होतं. "मॅडम, तुमची पेटी जुनी आहे. पाणी गढूळ आहे. लाखेचा डाग मणी म्हणून दिसला असेल."

"लाख पाण्याइतकीच पुसट दिसते. कच्ची चित्रं उघड. प्रणालीनं हात लावण्याआधीची."

"त्यात रव्याशिवाय काही दिसत नाही."

"रवा तर रवा."

वृंदानं जाड चकत्यांची मूळ चित्रं उघडली. रवाळ करड्या पार्श्वभूमीवर मणी एकमेकांत मिसळून एक पांढुरकी रेघ झाली होती. मधोमध ती रेघ किंचित फिकी होती. इतकी किंचित, की माहीत नसतं तर डोळा तिच्यावरून घसरला असता.

मग रेहाना शिकवताना बोलायची तशी, सावकाश बोलली. "ही प्रणाली कशावर शिकली? जगातल्या सगळ्या स्कॅनरांच्या चित्रांवर. त्यात प्रमाणित फँटमची चित्रं लाखांनी असणार. प्रत्येक रुग्णालय रोज सकाळी एक काढतं. तिनं रांग पाठ केलीय. तिरकी तार दिसली की ती मोजत नाही, आठवते. मधला फिका भाग तिला रवा वाटला आणि तिथं सहसा असतो तो मणी तिनं काढून दिला."

"म्हणजे आमची रोजची परीक्षा..."

"पेपर फुटलेला होता. म्हणून रोज पैकीच्या पैकी."

वृंदानं कपाळ चोळलं. ती चिडली होती, आणि कुणावर चिडावं हे तिला कळत नव्हतं. "तुम्ही सही केली नाहीत तर गाड्या थांबतील. शिराळ्याच्या वरच्या वाड्यांवर गाडी येण्याआधी स्कॅन हा शब्द पोचला नव्हता. आणि लहान मुलांना पुन्हा जुन्याइतके किरण द्यायचे? किरण कमी करा, किरण कमी करा, असं घोकून घेणाऱ्या तुम्हीच होतात."

"होते. आणि जे दिसत नाही तिथं 'दिसत नाही' असं लिहा, हेही मीच घोकून घेतलं होतं." रेहानाचा आवाज चढला नाही. "वृंदा, फुप्फुसात जिथं सहसा शीर असते तिथं काहीतरी पुसट दिसलं, तर ही प्रणाली काय काढेल?"

वृंदाचा हात माऊसवर थांबला.

"बाहेर इलियास बसलाय," रेहाना म्हणाली. "त्याची गेल्या महिन्याची कच्ची चित्रं काढ."

ती काढली. आधी प्रणालीनं दिलेलं स्वच्छ चित्र: उजवं फुप्फुस, त्यात फांद्यांसारख्या सुबक शिरा. मग त्याच जागेच्या जाड, रवाळ चकत्या. वृंदा एकेक चकती पुढं सरकवत गेली, मग मागं आली, पुन्हा पुढं गेली.

"इथं शीर आहे," ती म्हणाली.

"यंत्र म्हणतंय शीर आहे. तुला काय दिसतंय?"

बाहेरून इलियासचा खोकला आणि पाठोपाठ कुणाला तरी काही सांगून हसल्याचा आवाज आला.

"मला पुसट काहीतरी दिसतंय," वृंदा हळूच म्हणाली. "शीर म्हटलं तरी चालेल. गाठ म्हटलं तरी चालेल. हे 'निर्मळ' नाही, मॅडम."

सूक्ष्मछेद बंद करून, पुरेसे किरण देऊन, खऱ्या पातळ चकत्यांचा स्कॅन त्याच सकाळी झाला. इलियास पाटावर आडवा होताना म्हणाला, "आपा, मलाही पाण्यात बुडवणार का?" रेहानानं काचेआडून मान हलवली. यंत्राचं बटण तिनं वृंदाला दाबायला सांगितलं.

पातळ चकत्यांमध्ये ती शीर नव्हती. तिच्या जागी एक गाठ होती, साबुदाण्याच्या दाण्याएवढी, कडा किंचित करवतलेल्या. वृंदानं ती दोनदा मोजली. मग ती उठून रेहानाच्या शेजारी येऊन बसली, विभागप्रमुखासारखी नाही, मागच्या बाकावरच्या मुलीसारखी.

"लहान आहे," ती म्हणाली. "खूप लहान आहे, मॅडम. खोकला हिचा नाही, धुळीचाच असेल. ही अजून दोन वर्षं बोलली नसती. आणि बोलली असती तेव्हा..."

"मला माहीत आहे," रेहाना म्हणाली.

इलियासला तिनंच सांगितलं. रुग्णालयाच्या अंगणात लिंबाखाली, चहाचे कप हातात असताना. तो कपाकडे बघत राहिला.

"म्हणजे निर्मळ नाही मी."

"नाहीस."

"फ्रेमचे पैसे वाचले." मग त्यानं चहाचा घोट घेतला, आणि त्याचा चेहरा लहानपणी पडल्यावर व्हायचा तसा झाला. "आपा, 'सा' जाईल का गं?"

रेहानानं त्याच्या पाठीवर हात ठेवला. जे दिसत नव्हतं त्याबद्दल ती काही बोलली नाही.

*

प्रमाणपत्रावर तिनं सही केली नाही. कारण लिहिलं, पेटीची चित्रं जोडली. गाड्या थांबल्या. वर्तमानपत्रात पत्रं आली, एका निवृत्त बाईच्या हट्टापायी गोरगरिबांची सोय गेली म्हणून. घराचा फोन रेहानानं काही दिवस काढूनच ठेवला. वृंदानं मात्र कुणी न सांगता जुन्या स्कॅनची कच्ची चित्रं एकेक करून पुन्हा वाचायला घेतली. ज्यांच्या चित्रांत शंका होती त्यांना बोलावून घेतलं. काहींचं काहीच निघालं नाही. काहींचं निघालं. दोन महिन्यांनी गाड्या पुन्हा निघाल्या. किरण थोडे जास्त, चकत्या थोड्या जाड, आणि रिपोर्टात एक नवी ओळ: याहून लहान काही असल्यास या चित्रात दिसणार नाही. मग इतर शहरांतून विचारणा येऊ लागल्या. प्रत्येकाला एकच हवं होतं: यंत्राला पाठ नसलेली पेटी.

इलियासच्या फुप्फुसाचा एक कोपरा काढला. जखम भरल्यावर तो पहिल्यांदा कारखान्यात बसला तेव्हा रेहाना दारातच थांबली. त्यानं तार लावली, तिच्यावर 'सा' धरला. तो गल्लीच्या टोकापर्यंत गेला नाही. चार घरं गेला आणि थांबला. तुटला मात्र नाही.

"काय बघतेस? तोंडावर मास्क आहे. तुझ्या डॉक्टरीणबाई रोज फोन करून विचारतात, लावला का. सासूसुद्धा इतकं विचारत नाही."

समोरच्या फळीवर नव्या, काचेसारख्या पारदर्शक पेट्यांची रांग होती. त्यांच्या पुढ्यात काळ्या मण्यांची वाटी.

"दोन सारख्या करू नकोस," रेहाना म्हणाली.

"या घरात दोन सारखे कधी झालेत? अब्बा म्हणायचे, दोन तंबोरे सारखे निघाले तर त्यातला एक माझा नाही समज." त्यानं एक पूर्ण झालेली पेटी पुढं ओढली आणि तिच्यावर फडकं टाकलं. "ही तयार आहे, पाणी तेवढं भरायचंय. हिच्यात कुठली जागा सोडलीय सांगू?"

"नको. सांगितलंस तर मला तेच दिसेल."

"मग यंत्राच्या आधी तुझीच परीक्षा."

"हो. दोघांची."

इलियास हसला. भोपळ्यांवर दुपारचं ऊन तिरकं आलं होतं आणि त्यात धूळ तरंगत होती. लाख तापवल्याचा वास तोच होता. अम्मी आत गेली आहे आणि आत्ता गळ्याशी हात धरून बाहेर येईल, असं रेहानाला क्षणभर वाटलं. आणि या वेळी तिनं मान वळवून दाराकडे बघितलं.

"पाणी भरण्याआधी ऐकून घेणार?" इलियासनं विचारलं.

तो फडकं बाजूला करू लागला तशी रेहानानं डोळे मिटून घेतले, आणि त्यानं तार छेडली.